एक तरी डिझेल इंजिन चालतं ठेवा

कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. धूर गेला, बरंच झालं. पण ज्या डिझेल इंजिनांनी देश ओढला, त्यांचं पुढे काय, हे मला विचारावंसं वाटतं.

डब्ल्यूडीएम-२ घ्या. मूळचं अमेरिकेतल्या आल्को कंपनीचं. पहिली इंजिनं १९६२ मध्ये आली. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. १९६४ च्या जानेवारीत वाराणसीच्या कारखान्यातलं पहिलं इंजिन लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते देशाला अर्पण झालं. गंमत बघा, आल्कोने १९६९ मध्ये इंजिनं बनवणं थांबवलं, वाराणसीत मात्र ती पुढे कित्येक वर्षं बनत राहिली. अडीच हजारांहून जास्त! मालगाडी असो की मेल, जुंपलं की निघालं.

मूळ कंपनी गेली तरी ही इंजिनं धावली, ती आपल्या कारखान्यांच्या आणि शेडमधल्या फिटरांच्या जिवावर.

पहिलं, १८०४० नंबरचं इंजिन दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात जपलंय. चांगलंच केलं. पण नॉच वाढवल्यावर टर्बो वेग घेईपर्यंत सुटणारा काळा धूर, नुसत्या आवाजावरून दोष ओळखणारा कान, हे रंगरंगोटी करून टिकत नाही. त्यासाठी इंजिन चालावं लागतं.

१८५५ ची फेअरी क्वीन आपण १९९७ मध्ये पुन्हा रुळांवर धावती केली. मग एक डब्ल्यूडीएम-२ का नाही? जाणकार हात निवृत्त झाल्यावर शिकवणार कोण?