वाकोदचे मोठे भाऊ आणि त्यांचे सहकारी

फर्दापूरहून जळगावच्या वाटेवरील वाकोद येथे १९३७ साली श्रीमान भवरलालजी जैन यांचा जन्म झाला. १९६३ मध्ये सात हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी व्यापार आरंभिला. पुढे जैन इरिगेशनमध्ये नोकरवर्गास ‘सहकारी’ म्हणण्याचा प्रघात पडला. सहकारी त्यांना ‘मोठे भाऊ’ म्हणत. वडीलधाऱ्याच्या विश्वासास जागावे, या भावनेने माणूस घड्याळाकडे न पाहता राबतो. जुन्या पेढ्यांवरही हेच दिसे. मात्र वडीलधाऱ्याचाच निर्णय चुकला, तर त्यास अडवावे कोणी? मुनीम तर मान खाली घालून बसत. १९९० नंतरच्या दशकात वित्त, माहिती-तंत्रज्ञान आदी नव्या व्यवसायांत कंपनीस मोठा तोटा झाला. भाऊंनी चूक उघडपणे मान्य केली आणि कंपनी पुन्हा शेती व पाण्याकडे वळविली.