फिंकच्या घळींतील ताड : एका वनस्पतीच्या नांवाचा व वंशाचा निर्णय

वनस्पतीची नवी जाति ठरविणें हें काम वरवर पाहतां केवळ वनस्पतिशास्त्राचें वाटतें. परंतु त्यांत नमुना, साक्ष, नांव व कालनिर्णय हीं चारहि अंगें येत असल्यामुळें इतिहासाच्या अभ्यासकांसहि त्यापासून घेण्यासारखें पुष्कळ असतें. मध्य ऑस्ट्रेलियांतील एका ताडाचा वृत्तांत आम्ही याच दृष्टीनें वाचकांपुढें ठेवीत आहों.

फिंक नदीस हें नांव जॉन मॅक्डूअल स्टुअर्ट यानें १८६० सालीं दिलें. नदीचें पात्र वर्षांतील बहुतेक काळ कोरडें असतें. सभोंवारचा मुलूख रुक्ष असून पाऊस थोडा व तोहि अनियमित पडतो. १८७२ सालीं अर्नेस्ट जाइल्स हा प्रवासी या पात्रानें जात असतां तांबड्या कड्यांमधील घळींत त्यास उंच ताड आढळले, व त्यानें त्या घळीस ताडांवरूनच नांव दिलें. खडकांत मुरलेलें पाणी तळाशीं झिरपत राहतें, त्यावर हे वृक्ष जगतात. खोड सरळ, पानें पंख्याप्रमाणें पसरलेलीं व कोंवळ्या रोपांचीं पानें तांबूस, असें त्यांचें रूप आहे.

जाइल्सच्या प्रवासास मेलबर्न येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड फॉन म्यूलर याचें द्रव्यसाहाय्य होतें, व नमुनेहि त्याच्याकडेच गेले. म्यूलरनें ती घळ स्वतः पाहिली नव्हती. हातीं आलेल्या वाळलेल्या अवयवांवरून त्यास निर्णय करावयाचा होता. अशा कामीं रीति अशी कीं, नमुना ज्ञात जातींशीं ताडून पाहावा, भेद स्थिर आहे कीं केवळ वयाचा अगर स्थळाचा आहे हें ठरवावें, आणि मग वर्णन प्रसिद्ध करावें. वंश नवा नव्हता. रॉबर्ट ब्राउन यानें १८१० सालींच लिव्हिस्टोना हा वंश स्थापिला होता. जाति मात्र म्यूलरनें नवी मानिली व तिला 'मारीए' हें नांव दिलें. हें नांव रशियाच्या झारची कन्या मारिया हिच्या गौरवार्थ आहे. व्हिक्टोरिया राणीच्या पुत्राशीं तिचा विवाह १८७४ सालीं झाला होता. ज्या अरंडा लोकांच्या भूमींत हा वृक्ष उभा होता, त्यांचा या नामकरणांत कांहीं भाग नव्हता.

येथें चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एक वचन स्मरतें. ओषधींचीं नांवें व रूपें शेळ्यामेंढ्या राखणारे, गुराखी आणि इतर वनवासी जाणतात, असें तेथें स्पष्ट म्हटलें आहे. प्रयोगाचें ज्ञान त्याहून निराळें, हेंहि तेथेंच सांगितलें आहे. तथापि पहिली साक्ष कोणाची, याविषयीं ग्रंथकाराच्या मनांत संदेह नाहीं.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, या रुक्ष प्रदेशांत हे ताड आले कोठून ? त्यांचा निकटचा आप्त, लिव्हिस्टोना रिजिडा, उत्तरेस सुमारें १००० किलोमीटरांवर वाढतो. १९२१ सालीं बेक्कारीच्या वर्णनानें तो स्वतंत्र जाति म्हणून प्रसिद्ध झाला. १९९८ च्या एका पुनर्विचारांत तो मारीएचीच उपजाति ठरविला गेला. दोहोंमधील अंतर किती थोडें आहे, हें यावरून दिसेल. पूर्वीं विद्वानांचा समज असा होता कीं, लक्षावधि वर्षांपूर्वींच्या ओलसर काळांतील अरण्याचा हा अवशेष होय. २०१२ सालीं जपानी व ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनीं आनुवंशिक द्रव्याची तुलना करून दाखविलें कीं, हे दोघे परस्परांपासून विभक्त होऊन सुमारें १५,००० वर्षेंच झालीं असावींत. गणिताची मर्यादा ७,००० ते ३१,००० वर्षें अशी आहे. त्या काळीं ऑस्ट्रेलियांत मनुष्यवस्ती होती. म्हणून बीजें माणसांनींच आणलीं असावींत, असें अनुमान त्यांनीं पुढें मांडलें.

या अनुमानास पुढें अनपेक्षित आधार मिळाला. कार्ल स्ट्रेलो हा जर्मन मिशनरी १८९४ सालीं हर्मन्सबर्ग येथें आला व त्यानें अरंडा लोकांच्या कथा लिहून घेतल्या. त्यांपैकीं एकींत, उत्तरेकडील देवांनीं हीं बीजें फार पूर्वीं येथें आणलीं, असें आहे. टास्मानिया विद्यापीठांतील डेव्हिड बाउमन यांनीं ही नोंद २०१५ च्या सुमारास पुढें आणली.

कथा म्हणजे दस्तऐवज नव्हे, हें आम्हीहि जाणतों. वृक्षाची उत्पत्ति सांगण्यासाठीं मागाहून कथा रचली जाते, याचीं उदाहरणें आपल्या स्थलपुराणांत विपुल आहेत. बीजें पक्ष्यांनीं अगर अन्य मार्गानें आलीं नसतीलच, असेंहि कोणी छातीठोकपणें म्हणूं नये. परंतु प्रस्तुत प्रकरणीं दोन गोष्टी ध्यानांत घेतल्या पाहिजेत. कथेची नोंद आनुवंशिक परीक्षेच्या शंभराहून अधिक वर्षें आधींची आहे, त्यामुळें एका साक्षीनें दुसरीस शिकविलें असा आक्षेप येत नाहीं. शिवाय दोन्ही साक्षी दिशेविषयीं एकमत आहेत. परस्परांस अज्ञात असे दोन साक्षीदार एकच दिशा दाखवितात, तेव्हां त्यांस तुच्छ लेखणें हें संशोधकास शोभत नाहीं.

म्यूलरनें जाति ओळखली, तें काम निर्दोष होतें. परंतु नमुन्याबरोबर त्या भूमींतील लोकांचें सांगणेंहि त्याच वेळीं टिपलें गेलें असतें, तर 'अवशेष' हें मत इतका काळ निर्वेध चाललें नसतें. आपल्याकडील डोंगरखोऱ्यांत वनस्पति टिपणाऱ्या तरुण अभ्यासकांस आमचें सांगणें इतकेंच कीं, पानाफुलांचें माप घेतांना ज्याच्या रानांत तें झाड आहे त्यास त्याचें नांव व हकीकत अवश्य विचारावी, आणि ती जशी ऐकली तशी, तारखेसह, लिहून ठेवावी.