आधी गवत, मग रान

माहूरला वळसा घालून निघालेली पैनगंगा किनवटवरून वणीच्या कोळसापट्ट्याकडे उतरते आणि घुग्घुसजवळ वढ्याला वर्धेला मिळते. वरच्या अंगाला साग, मोह, धावडा, टेंभुर्णीचं रान. खालच्या अंगाला उघड्या खाणींतून उपसलेल्या मातीचे डोंगर. खाणीतले लोक त्यांना ‘ओबी’ म्हणतात. वरची सुपीक माती या ओबीत एकदा गाडली गेली, की उरतात मुरूम, खडक आणि उन्हात तापणारी काळपट भुकटी.

असल्या ढिगांवर पुन्हा रान उभं करण्याच्या विद्येचं कूळ शोधत गेलं, तर मुळाशी झाड सापडत नाही, गवत सापडतं. वेल्समधल्या शिशाच्या जुन्या खाणींवर इतर काही तगत नसताना काही गवतं मजेत वाढत होती. टोनी ब्रॅडशॉ यांनी १९५० च्या दशकापासून त्यांचा पिच्छा पुरवला. तीच जात शेजारच्या कुरणातून आणून लावली तर मरायची. खाणीवरच्या वाणात मात्र विषारी धातू सोसण्याची ताकद आनुवंशिक झाली होती. १९८० साली ब्रॅडशॉ आणि चॅडविक यांचं खराब जमिनींच्या पुनरुज्जीवनावरचं पुस्तक आलं आणि विद्येला शास्त्राचा दर्जा मिळाला.

नुसतं हिरवं झालं म्हणजे भागलं, ही समजूत मोडली ती अमेरिकेच्या १९७७ च्या खाणकायद्याने. कोळसा काढलेल्या जागेवरची वनस्पती स्थानिक हवी, विविध हवी, आपली आपण पुढची पिढी वाढवणारी हवी, असं त्यात लिहिलं गेलं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या बॉक्साइट खाणींनी आणखी एक गोष्ट शिकवली: वरची माती खरवडून साठवू नका, लगेच दुसऱ्या खड्ड्यावर पसरा. त्या मातीत शेकडो जातींचं बी झोपलेलं असतं. ढीग करून ठेवलं की ते मरतं.

आपल्याकडे मात्र झाडं मोजणं सोपं पडलं. सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ, निलगिरी लावा, आकडा कळवा, फोटो काढा. लांबून हिरवंगार, खाली वाकून पाहिलं तर गवताची काडी विरळाच.

नागपूरच्या नीरी संस्थेतल्या आशा जुवारकर आणि सहकाऱ्यांनी प्रश्न जमिनीखालून धरला. नागपूर जिल्ह्यात गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगांवर, पुढे कोळशाच्या ओबीवरही त्यांनी सेंद्रिय गाळ, रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर आणि मुळांशी संसार थाटणारी मायकोरायझा बुरशी एकत्र वापरली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात दहा हेक्टरांवर हेक्टरी ५० टन गाळ घातला होता. मुळात त्या मुरमात हे जिवाणू जवळपास नव्हतेच. नंतर त्यांची वस्ती वाढली. झाडाच्या आधी मातीला घरची माणसं मिळाली म्हणायची.

झरियाच्या कोळसापट्ट्यात तेतुलमारीला दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबूंच्या मार्गदर्शनाखाली गवत, झुडपं आणि झाडं असे थर स्थानिक जातींतूनच बसवले गेले. आणि ८ जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितलं, की खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत उगवेल, ती चारा आणि वन्यजीवांना लायक होईल, अशी अट खाणपट्ट्यात घाला. सरन्यायाधीश होते नागपूरचे शरद बोबडे. वेल्सच्या गवतापासून इथवर यायला बरीच दशकं लागली. न्यायालयाला सांगावं लागलं, हे मला जरा लाजिरवाणंच वाटतं.

वणीच्या ओबीला बियाणं हवं असेल तर ते लांब शोधायला नको. माहूर-किनवटच्या टेकड्यांवर पवन्या, मारवेल, कुसळी आहेत. कुसळीचं बी हातात घेऊन बघावं. टोकाशी अणकुचीदार, मागे लांब पीळदार कूस. ओल लागली की पीळ सुटतो, सुकला की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यात बी गिरमिटासारखं भेगेत शिरतं. मुरमाड उतारावर याहून कामाचा पेरणारा नाही. फक्त ते वेळेवर गोळा केलं पाहिजे: पावसाळा सरल्यावर कुसळं पिकून पायजम्याला चिकटू लागली, की गुरं आणि वणवे येण्याच्या आत.