क्रीडांगणांतील बंधुभाव

आपल्याकडे ज्या शाळेस थोडेंबहुत पटांगण आहे, तिच्या एका कोपऱ्यांत बास्केटबॉलचे खांब तरी असतात किंवा व्हॉलीबॉलचें जाळें तरी बांधलेलें असतें. हे दोन्ही खेळ इतके अंगवळणीं पडले आहेत कीं, ते कोठून आले हें विचारण्याचें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. बहुतेक खेळ लोकांत आपोआप रूढ होतात. हुतुतू कोणीं शोधिला, विटीदांडू कोणीं काढिला, हें सांगतां येत नाहीं. या दोन खेळांची मात्र जन्मतिथि, जन्मस्थान व जनक हीं तिन्ही ठाऊक आहेत. विशेष हें कीं, दोहोंचा जन्म एकाच धार्मिक संस्थेच्या घरांत झाला. आणि तोहि कोणत्या राजधानींत नव्हे, तर अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत, कनेक्टिकट नदीच्या कांठच्या दोन कारखानी गांवीं. धर्मसंस्थेनें खेळ कां निर्माण करावे, आणि केल्यावर तिचा हेतु कितपत सिद्धीस गेला, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

इ. स. १८४४ च्या जून महिन्यांत लंडन शहरीं जॉर्ज विल्यम्स नांवाच्या कापडदुकानांतील एका तरुण नोकरानें आपल्या सोबत्यांसह यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनची स्थापना केली. पोटासाठीं खेड्यांतून आलेल्या तरुणांनीं दिवसभर दुकानांत राबावें, रात्रीं मालकाच्याच माळ्यावर निजावें, आणि मध्यंतरीं वेळ मिळाला तर त्यांना गुत्त्याखेरीज जाण्यास जागा नसावी, अशी त्या वेळची स्थिति होती. त्यांना एकत्र बसून बायबल वाचण्यास व प्रार्थना करण्यास एक जागा असावी, एवढाच मूळ हेतु. १८५१ सालीं ही संस्था अमेरिकेंत बोस्टन येथें पोंचली. तेथें लवकरच असें अनुभवास आलें कीं, केवळ प्रार्थनेनें तरुण जमत नाहींत. म्हणून वाचनालयें आलीं, स्नानगृहें आलीं आणि शेवटीं व्यायामशाळा आल्या.

जुन्या वळणाच्या मंडळींस हें रुचणारें नव्हतें. मॅसॅच्युसेट्स ही प्युरिटन पंथाची भूमि. रविवारीं खेळणें हा तेथें कायद्यानें गुन्हा. अशा समाजांत स्प्रिंगफील्ड येथील या संस्थेच्या अध्यापनविद्यालयांतील व्यायामप्रमुख ल्यूथर गुलिक यांनीं एक त्रिकोण काढून संस्थेपुढें ठेविला. शरीर, बुद्धि व आत्मा या त्याच्या तीन भुजा. एक तोडली तर आकृतीच उरत नाहीं. गुलिक हे स्वतः मिशनऱ्यांचे पुत्र होते, त्यामुळें त्यांच्यावर धर्मलोपाचा आरोप करणें सोपें नव्हतें. आपल्या वाचकांस या विचारांत कांहीं नवल वाटणार नाहीं. आपल्या तालमींत शिरतांना पहिल्यानें मारुतीस नमस्कार करावयाचा असतो, आणि मातींत उतरणें हें आपल्याकडे कोणीं अधर्म्य मानिलें नाहीं.

याच विद्यालयांत १८९० सालीं जेम्स नेस्मिथ हा तरुण आला. कॅनडांतील ऑल्माँट या लोकरीच्या गिरण्यांच्या गांवाजवळ त्याचा जन्म १८६१ सालीं झाला. वयाच्या नवव्या वर्षीं विषमज्वरानें त्याचे आईबाप गेले आणि मामानें त्याला वाढविलें. तो धर्मोपदेशक होण्यासाठीं शिकला; परंतु खेळाची आवड सुटेना. पुढें त्यानें लिहून ठेविलें आहे कीं, एकदां सामन्यांत शेजारच्या गड्याच्या तोंडून शिवी गेली आणि त्यानें लागलीच याची क्षमा मागितली. व्यासपीठावरून जें साधणें कठीण, तें मैदानावर न बोलतां साधतें, असें त्या दिवशीं त्याच्या मनानें घेतलें. वेदी सोडून व्यायामशाळेकडे वळण्याचा त्याचा हा निश्चय त्याच्या सख्ख्या बहिणीसहि मानवला नाहीं.

१८९१ च्या हिवाळ्यांत गुलिक यांनीं त्याच्याकडे अठरा विद्यार्थ्यांचा एक वर्ग सोंपविला. बाहेर बर्फ, आंत त्याच त्या कवायती. मुलें इतकीं कंटाळलीं होतीं कीं, पूर्वींचे दोन शिक्षक हात टेंकून बसले होते. चौदा दिवसांत कांहीं नवें काढावें, असें नेस्मिथला सांगण्यांत आलें. त्यानें फुटबॉल वगैरे मैदानी खेळ घरांत आणून पाहिले. तेव्हां अंगें खरचटलीं, तावदानें फुटण्याची वेळ आली. मग त्यानें शांतपणें कारणाचा शोध घेतला. धसमुसळेपणा उद्भवतो तो चेंडू घेऊन धांवण्यांतून. म्हणून धांवणें बंद. चेंडू जोरानें मारला जातो तो लक्ष्य समोर उभें असल्यामुळें; म्हणून लक्ष्य डोक्यावर, आणि त्याचें तोंड आकाशाकडे. येथें त्याला लहानपणचा एक खेळ आठवला. मोठ्या धोंड्यावर ठेविलेला लहान दगड दुरून नेम धरून पाडावयाचा, असा तो आपल्या लगोरीच्याच कुळांतला खेळ. त्यांत दगड जोरानें भिरकावण्यापेक्षां अलगद उंचावरून टाकणारा शहाणा ठरे. नेस्मिथनें इमारतीच्या रखवालदाराजवळ दोन खोकीं मागितलीं. त्यानें पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या दहा फूट उंचीच्या कठड्यास ठोकण्यांत आल्या, तेरा नियम भिंतीवर लावण्यांत आले, आणि नऊ नऊ गडी उभे राहिले. त्या पहिल्या डावांत चेंडू टोपलींत एकदांच पडला. परंतु खेळ तेव्हांपासून थांबला नाहीं.

तीन वर्षांनीं, १८९५ च्या फेब्रुवारींत, जवळच्याच होलियोक या कागदाच्या गिरण्यांच्या गांवीं संस्थेचा व्यायामशिक्षक विल्यम मॉर्गन याच्यापुढें निराळीच अडचण आली. त्याच्याकडे येणारे गृहस्थ दुकानदार, वयानें प्रौढ. त्यांना बास्केटबॉलची दगदग सोसेना. त्यानें टेनिसचें जाळें साडेसहा फूट उंच बांधलें आणि दोन्ही पक्ष त्याच्या दोन बाजूंस उभे केले. त्यामुळें अंगाला अंग लागण्याचा प्रश्नच मिटला. हाच व्हॉलीबॉल. एक खेळ उच्छृंखल तरुणांसाठीं, दुसरा थकलेल्या प्रौढांसाठीं. दोहोंच्या मुळाशीं शेजाऱ्यानें शेजाऱ्यास न दुखवितां त्याच्याशीं झुंजावें, हा एकच विचार होता.

हा विचार प्रत्यक्षांत किती टिकला? खेळ पसरला तसा त्यांत दांडगावाहि शिरला, आणि कित्येक शाखांस तो आवरेना. १८९६ सालीं ट्रेंटन येथील गड्यांनीं स्थानिक शाखेशीं बिनसल्यावर भाड्याचें सभागृह घेऊन तिकिटें विकलीं. धंदेवाईक बास्केटबॉलचा आरंभ तेथून धरितात. तथापि याहून मोठें न्यून दारांतच होतें. संस्थेच्या शाखा गोऱ्यांच्या निराळ्या व काळ्यांच्या निराळ्या असत. वॉशिंग्टनच्या कृष्णवर्णीय मुलांत हा खेळ ज्यानें रुजविला, त्या एडविन हेंडरसन या शिक्षकास १९०७ सालीं गोऱ्यांच्या शाखेंत केवळ सामना पाहण्यास गेला असतां बाहेर घालविण्यांत आलें. ज्या भिंतींवर बंधुभावाचीं वचनें लिहिलेलीं, त्यांच्याच आंत हें घडलें.

आम्हीं हें परक्यांचें वैगुण्य म्हणून सांगत नाहीं. पुण्याच्या मैदानावर पळवणकर बाळू यांच्या गोलंदाजीवर हिंदूंच्या संघानें सामने जिंकावे, आणि चहाच्या वेळीं त्यांना निराळ्या मातीच्या भांड्यांत बाहेर चहा द्यावा, हा आपलाहि इतिहास फार जुना नाहीं. चेंडू हातोहात चालतो, पेला अडतो. मारुतीस नमस्कार करण्यानें किंवा बायबल वाचण्यानें ही अडचण आपोआप दूर झाली नाहीं.

ती दूर झाली तेथें एखाद्या माणसाच्या निश्चयानें झाली. उतारवयांत नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठांत असतांना, १९३३ सालीं जॉन मॅक्लेंडन हा कृष्णवर्णीय विद्यार्थी तेथें आला. विद्यापीठाच्या संघांत त्याला प्रवेश नव्हता; तेव्हां खेळाच्या जनकानेंच त्याला शिष्य करून घेतलें. हाच मॅक्लेंडन पुढें अमेरिकेंतील नामांकित मार्गदर्शकांपैकीं एक झाला.

या चळवळीचा धागा आपल्यापर्यंतहि आला आहे. स्प्रिंगफील्डचे विद्यार्थी हॅरी क्रो बक यांनीं १९२० सालीं मद्रास येथें व्यायामशिक्षकांचें विद्यालय काढिलें. १९२७ सालीं इंडियन ऑलिंपिक असोसिएशन स्थापन झाली, तेव्हां सर दोराबजी टाटा अध्यक्ष आणि याच ख्रिस्ती संस्थेचे डॉ. नोरेन चिटणीस होते. त्यापूर्वीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे गडी टाटांच्याच साह्यानें १९२० सालीं अँटवर्पला गेले होते.

१९३६ सालीं बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांत बास्केटबॉलचा प्रथम समावेश झाला आणि पंचाहत्तरीस टेंकलेला नेस्मिथ तो पाहण्यास हजर राहिला. त्याच प्रसंगीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे तरुण आपले देशी व्यायामप्रकार दाखविण्यास त्याच नगरांत गेले होते. एकाच्या पाठीशीं क्रूस, दुसऱ्यांच्या पाठीशीं मारुती. आणि दोघांभोंवतीं त्या वेळच्या जर्मनीचा वंशाभिमान. तीन वर्षांनीं नेस्मिथ निवर्तला. त्याच्या तेरा नियमांत पुढें पुष्कळ फेरफार झाले. परंतु टोपलीची उंची अजून दहाच फूट आहे. ती कोणत्याहि वर्णाच्या, कोणत्याहि धर्माच्या हाताला सारखीच उंच पडते. बाकीचें काम दार उघडणाऱ्यांचें आहे.