सोंगाला आवाज कोण देतो?

आमच्या पोशेऱ्याच्या बाजूला, म्हणजे जव्हार-मोखाड्याच्या मुलखात, होळी सरली की बोहाड्याचे दिवस येतात. रात्री मशालींच्या उजेडात सोंगे निघतात. आधी गणपती, मग सरस्वती. पुढे राम, रावण, नरसिंह. यांतले सहसा कुणी बोलत नाही. मुखवट्याचे तोंड रंगवलेले; आतल्या माणसाचे ओठ हलले तरी बाहेर कोणाला कळणार? तरीही रावण हा रावणच वाटतो. दहा तोंडांची रुंदी आणि बटबटीत डोळे हे अर्धे काम करतात. उरलेले अर्धे संबळ-पिपाणी करते. वाजंत्र्याने चाल बदलली की सोंगाचे पाऊल बदलते, आणि पाऊल बदलले की स्वभाव बदलतो. संबळ हाच त्याचा गळा.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. तिची रीत नेमकी उलटी. तेथे चित्र हलत नाही. कथेकरी एकेक पान समोर धरतो आणि आपल्या एकट्या गळ्यातून राजा, राणी, राक्षस साऱ्यांना बोलते करतो.

चित्रे हलवून केलेल्या चित्रपटाने, ज्याला आपण कार्टून म्हणतो, या दोन रीती एकत्र आणल्या, असे आमचे मत आहे. आपल्याकडील आरंभ मात्र मुकाच झाला. मोखाड्याहून नाशिकला जाताना त्र्यंबकेश्वर लागते, ते दादासाहेब फाळक्यांचे जन्मगाव. त्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ या चित्रपटात निर्जीव काड्या चालत्या केल्या. ना चेहरा, ना आवाज, नुसती हालचाल.

अमेरिकेत १९२८ साली ‘स्टीमबोट विली’मध्ये मिकी उंदीर आला, तो वर्तुळांचा. डोके वर्तुळ, कान वर्तुळ. सेकंदाला चोवीस चौकटी भरावयाच्या, तर भराभर काढता येईल असा आकार हवा. पुढे त्याला आवाज दिला तो खुद्द मालक वॉल्ट डिस्ने यांनी. १९३९ साली मिकीच्या डोळ्यांत बुबुळे आली. उंदीर तोच, परंतु आता तो मनाशी काही योजतो आहे असे वाटू लागले. एवढ्याशा ठिपक्याने केवढा फरक!

गूफी या कुत्र्याचा दाखला आम्हाला अधिक जवळचा, कारण त्यात आमचा धंदा येतो. आर्ट बॅबिट या चित्रकाराने त्याला ढिली, हेलपाटणारी चाल दिली. पिंटो कोल्विग या विदूषकाने खुळचट हसू दिले. दोघांतला एक वजा केला तर गूफी उरत नाही. याच बॅबिटना युनियनच्या कामापायी १९४१ साली काढून टाकले आणि २९ मे रोजी शेकडो चित्रकार संपावर गेले. अखेर कंपनीला युनियन मान्य करावी लागली.

त्याच साली ‘डम्बो’ आला. त्यातले विदूषक मालकाकडे पगारवाढ मागावयास निघतात. आपल्याला दिसतात त्या फक्त तंबूवरच्या सावल्या. ही संपवाल्यांची टवाळी होय, असे पुष्कळांनी म्हटले आहे. आणि गंमत पाहा, त्या चित्रपटाचा नायक, मोठ्या कानांचा हत्ती, आरंभापासून शेवटपर्यंत एक शब्दही बोलत नाही. बोलतो तो त्याचा सोबती उंदीर. डम्बोचे दुःख डोळ्यांतून आणि सोंडेतून उतरवणारे चित्रकार बिल टायट्ला हेही संपात होते.

आवाजवाल्यांचे काय झाले? १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’मध्ये राजकन्येचा आवाज आड्रियाना कॅसेलॉटी या तरुण गायिकेचा; पण तिचे नाव पडद्यावर लागलेच नाही. आवाज चित्रातूनच निघतो असे प्रेक्षकाला वाटले पाहिजे, ही त्यामागची समजूत असावी. आम्ही इतरांना नावे ठेवीत नाही. आमच्या सभांच्या पत्रकांवर वक्त्याचे नाव ठळक असे; ते पत्रक रात्र जागून जुळवणाऱ्याचे नाव घालण्याचे आम्हालाही कित्येक वर्षे सुचले नाही.

बोहाड्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लोक रावण कोण नाचला हे तर सांगतातच, परंतु संबळ कोणी वाजवला हेही त्याच दमात सांगतात. मुखवटा कोणाच्या हातचा, हे मात्र विचारावे लागते.