कैफियत कोणाच्या दारी?

'स्थानिक स्वराज्य' हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे, की त्यातले स्वराज्य कोठे संपते आणि सरकार कोठे सुरू होते, हे पाहण्याच्या भरीस आपण सहसा पडत नाही. पाणी, दिवाबत्ती, गटारे ही गावाची कामे खरी. परंतु ती कामे गावाकडे सोपविणारा आणि त्यांसाठी कर बसवू देणारा कायदा मुंबईस किंवा दिल्लीस होतो. म्हणून गावाच्या कारभाऱ्यांना कारभाराइतकेच महत्त्वाचे दुसरेही एक काम करावे लागते. सरकारदरबारी आणि विधिमंडळापुढे गावाची कैफियत मांडणे, हे ते काम. पालघर आणि बोईसर-तारापूर या टापूच्या आधाराने आपण या कामाचा इतिहास पाहू.

महाराष्ट्रात या कामाला पद्धतशीर वळण लावले ते पुण्याच्या सार्वजनिक सभेने. १८७० साली सभा स्थापन झाली तेव्हा सुमारे सहा हजार लोकांची मुखत्यारपत्रे घेऊन ९५ जण तिचे सभासद झाले. 'तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?' असे सरकारने विचारण्याआधीच सभेने उत्तर तयार ठेवले होते. सार्वजनिक काकांची धडपड आणि न्यायमूर्ती रानड्यांचा व्यासंग यांचा मेळ बसल्यावर सभेच्या अर्जांना वजन आले. आधी माहिती गोळा करावी, आकडे तपासावेत आणि मगच मागणी करावी, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

गावापर्यंत स्वराज्य पोहोचण्यास मात्र वेळ लागला. १८६९ च्या कायद्याने शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला. पैसा रयतेचा, सूत्रे कलेक्टरच्या हाती, असा तो मामला होता. १८८२ साली लॉर्ड रिपनचा ठराव झाला आणि १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात जिल्हा व तालुका लोकल बोर्डे आली. आजचा पालघर तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यातील माहीम तालुका म्हणून ओळखला जाई. लोकांनी निवडलेले सभासद बोर्डात बसू लागले, पण वरचष्मा सरकारी अधिकाऱ्यांचाच राहिला.

स्वातंत्र्यानंतर अवघ्या चार-पाच वर्षांत असे चार कायदे झाले, की ते पुढे बोईसर-तारापूरच्या एकाच भूमीवर येऊन भेटले. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा पहिला. वसंतराव नाईक समितीच्या अहवालावरून १९६१ साली झालेला आणि १ मे १९६२ पासून अमलात आलेला जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा दुसरा. या दोहोंनी सत्ता खाली गावाकडे आणली. तिसरा १९६१ चा औद्योगिक विकास कायदा. त्यातून औद्योगिक विकास महामंडळ जन्मास आले आणि बोईसरची औद्योगिक वसाहत पुढे त्याच महामंडळाने उभारली. चौथा संसदेने केलेला १९६२ चा अणुऊर्जा कायदा. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले ते त्याच्या छत्राखाली. या शेवटच्या दोन कायद्यांनी मोठे निर्णय गावाच्या हातून उचलून वर नेले. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने घेतले, असा हा प्रकार. आणि हे हात दोन निरनिराळ्या सरकारांचे असल्याने तक्रार कोणाकडे करावी, हेच गावाला उमगेना.

याचा परिणाम बोईसरात ठळक दिसतो. २०११ च्या जनगणनेने ३६ हजारांहून अधिक वस्तीचे बोईसर शहर म्हणून मोजले. पण कायद्याच्या लेखी तेथे ग्रामपंचायतच होती. हा भेद नावापुरता नाही. आपल्या घटनेच्या १७१ व्या कलमाने विधान परिषदेच्या सुमारे एकतृतीयांश जागा स्थानिक संस्थांच्या प्रतिनिधींनी निवडून द्यावयाच्या आहेत. त्यांत नगरसेवकांना आणि जिल्हा परिषदेच्या सदस्यांना मत आहे, ग्रामपंचायतीच्या सदस्यांना नाही. सुमारे १२ हजार वस्तीच्या जव्हारचे नगरसेवक मत देतात, आणि त्याच्या तिप्पट वस्तीच्या बोईसरचे पंच मतदारयादीबाहेर राहतात! ज्या सभागृहात गावाचे भवितव्य ठरते, तेथे स्थानिक संस्थांसाठी राखलेली खिडकीही सर्वांत मोठ्या गावाला बंद, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

करांचेही तसेच आहे. ग्रामपंचायत कायद्याच्या १२५ व्या कलमाने कारखान्याशी करार करून करांऐवजी ठोक रक्कम घेता येते. पण करार म्हटला की घासाघीस आली, आणि घासाघीस त्यालाच साधते ज्याच्यापाशी हिशेब असतो. केंद्र सरकारच्या मिळकतीवर तर घटनेच्या २८५ व्या कलमाने कर बसत नाही. या अडचणीतून राजकोटच्या महानगरपालिकेने वाट काढली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयात केंद्राने मान्य केले, की कर नाही तरी पुरविलेल्या सेवांचा आकार देऊ. कायदा बदलला नाही; मागणीचे नाव बदलले आणि पदरात काही पडले.

आमच्या या टापूतही कैफियती झाल्या. अणुवीज केंद्राच्या वाढीसाठी उठविल्या गेलेल्या अक्करपट्टी व पोफरणच्या लोकांना पुनर्वसनासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध मच्छीमार मांगेला समाजाच्या परिषदेने २०१६ साली हरित न्यायाधिकरणात दाद मागितली आणि २०२२ साली भरपाईचा आदेश मिळविला. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा संसदेने १९९६ साली केला. त्याचे राज्याचे नियम होण्यास २०१४ उजाडले. त्याच वर्षी १ ऑगस्टला पालघर जिल्हा अस्तित्वात आला. मुख्यालय आपल्याकडे असावे, ही जव्हारकरांची मागणी मात्र तशीच राहिली.

या सर्व हकिकतींत एक सूत्र दिसते. न्यायालयात गेले ते नुकसान सोसलेले लोक, आणि तेही नुकसान झाल्यानंतर. कायदा होत असताना, नियमांचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध होत असताना, राज्य वित्त आयोग दर पाच वर्षांनी पैशाची वाटणी ठरवीत असताना गावाची बाजू मांडणे हे मूळ काम, आणि ते करण्याची जबाबदारी निवडून दिलेल्या संस्थेची आहे. ग्रामसभेचा ठराव म्हणजे आजचे मुखत्यारपत्रच होय. पण नुसता 'विरोध आहे' किंवा 'मंजुरी आहे' एवढाच ठराव दप्तरात पडून राहतो. कोणत्या कायद्याचे कोणते कलम, कोणता अधिकारी, किती घरे, किती रुपये, हे ज्या ठरावात लिहिलेले असते त्याला सरकारास उत्तर द्यावे लागते.

सार्वजनिक सभेपाशी मताचा अधिकार नव्हता, तरी अभ्यासाच्या बळावर तिने परक्या सरकारला आपले म्हणणे ऐकावयास लावले. आपल्यापाशी मत आहे, ग्रामसभा आहे आणि सरकारही आपलेच आहे. पुढच्या ग्रामसभेस जाताना तक्रारीबरोबर कायद्याची एक प्रत आणि हिशेबाचा एक कागद बरोबर नेला, तर या इतिहासाचा आपण काही उपयोग केला असे म्हणता येईल.