एन्व्ह: मूळ बेल लॅब्ज, मुक्काम कळंबोली

समजा, कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या एका गाळ्यासाठी सळईचा रोजचा भाव ग्राहकांना कळवणारं छोटं एडब्ल्यूएस लॅम्ब्डा फंक्शन लिहायचं आहे. डेटाबेसचा पत्ता आणि पासवर्ड कुठे ठेवायचा? कोणीही प्रोग्रामर सांगेल, ‘एन्व्हमध्ये’, म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये. बाजारातून निघणाऱ्या मालाचा पत्ता बिल्टीवर असतो, सळईवर कोणी कोरत नाही. तसंच हे.

ही युक्ती क्लाउडच्या कितीतरी आधीची. बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीतला शेल कमांड ठरलेल्या दोन-तीन जागीच शोधायचा. १९७९च्या सातव्या आवृत्तीत स्टीव्हन बोर्न यांचा शेल आला आणि प्रत्येक प्रोग्रामला सुरू होतानाच नाव आणि किंमत अशा जोड्यांची यादी, म्हणजेच एन्व्ह, मिळू लागली. ‘होम’, ‘पाथ’ ही त्यातलीच नावं. प्रोग्राम एकच, पण ज्या यंत्रावर चालेल तिथली माहिती त्याला आयती मिळे. २०११च्या सुमारास हेरोकूच्या अॅडम विगिन्स यांनी ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर अॅप’मध्ये याचाच नियम केला: सेटिंग कोडबाहेर, एन्व्हमध्ये.

मग गाडी उलटी फिरली, आणि ती ब्राउझरमुळे. ब्राउझरला एन्व्ह नसतंच. रिअॅक्टसारख्या लायब्ररीत ‘प्रोसेस.एन्व्ह.नोड_एन्व्ह’ असं लिहिलेलं असे. वेबपॅकसारखे बंडलर गठ्ठा बांधताना त्या जागी सरळ ‘प्रॉडक्शन’ हा शब्द चिकटवत. मग निरुपयोगी झालेला कोड मिनिफायर छाटून टाकी. शक्कल झकास. पण हा बदल बहुधा अक्षरश: शोधून होतो, नाव आधी दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवून किंमत मागितली, तर बंडलरला पत्ताच लागत नाही.

लॅम्ब्डासारख्या सेवा वापरणाऱ्या सर्व्हरलेसवाल्यांनी हीच हत्यारं उचलली, कारण गठ्ठा लहान तर फंक्शन लवकर जागं होतं. शिवाय २०१४ला आलेल्या लॅम्ब्डात सुरुवातीची दोन वर्षं एन्व्हची सोयच नव्हती! लोक सेटिंगची फाइल झिपमध्येच कोंबत. नोव्हेंबर २०१६मध्ये सोय आली, एकूण चार केबीच्या मर्यादेत. सेटिंग गठ्ठ्यातच कोंबायची सवय मात्र राहिली.

बांधताना चिकटवलेली किंमत गोठते. कन्सोलमध्ये पासवर्ड बदलला तरी फंक्शन जुनाच वापरतं. ‘एडब्ल्यूएस_रीजन’ तर लॅम्ब्डा स्वतः चालतेवेळी भरतो. मुंबईत त्यात ‘एपी-साउथ-१’ असतं. कळंबोलीतल्या लॅपटॉपवरची किंमत तिथे चिकटवणं म्हणजे शुद्ध आगाऊपणा. माझ्या मते सर्व्हरवरच्या कोडात बंडलरने फार तर ‘नोड_एन्व्ह’ला हात लावावा, बाकी सगळं चालतेवेळी वाचावं.

पुढचा गठ्ठा चढवण्याआधी तो उघडून त्यात आपला पासवर्ड शोधा. सापडला तर नुसता पुसू नका, बदला. जुन्या झिपमध्ये तो अजून आहे.